ऑइल बदललं आणि गाडी धूर टाकायला लागली

गुरुजींची वॅगनआर २०१२ची, के-टेन इंजिनाची. महिन्यापूर्वीच एजंटाकडून घेतलेली. तक्रारी दोनच: सकाळी स्टार्ट केली की दोन-चार सेकंद खडखड होते, आणि ॲव्हरेज मिळत नाही. डिसेंबर होता, साताऱ्यात पहाटे चांगलाच गारठा.

"ऑइल मात्र नवीन आहे हं, एजंटानं सांगितलंय," गुरुजी म्हणाले.

नवीनच होतं. पण ड्रेन बोल्ट काढला तर ट्रेमध्ये काकवीसारखं लोंबत उतरलं. अंगठा आणि बोट चिकटवून उघडलं, तर गुळाच्या पाकाला येते तशी तार! साध्या इंजिन ऑइलला अशी तार येत नाही. जाड ऑइल आणि वर घट्ट करायचं बाटलीतलं औषध, असा मामला दिसत होता. कुणीतरी हाताला लागेल ते ओतलंय, एवढंच मनात म्हटलं आणि गुरुजींना काही बोललो नाही. चूक तिथं झाली.

नवा फिल्टर लावून मॅन्युअलप्रमाणे ५डब्ल्यू-३० भरलं. गाडी जुनी झाली की ऑइल जाड टाकायचं, असं आमच्या लाइनमधलेही बरेच जण मानतात. पण त्यातला ५ सांगतो थंडीत ऑइल किती पटकन वाहतं, आणि ३० सांगतो इंजिन तापल्यावर जाडी किती उरते. गारठ्यात जाड ऑइल वर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या माथ्यापर्यंत, चढायला वेळ घेतं, तोवर वरचे पार्ट कोरडे वाजतात. सकाळची खडखड तीच. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला, आवाज गेला म्हणून. मी खूश.

चौथ्या दिवशी ते स्वतःच आले. गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकं बसलेली.

"मिस्त्री, काय ओतलंत हो? मागून निळा धूर निघतोय. आधी चांगली होती गाडी!"

दोन्ही गिऱ्हाइकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गुरुजी, बसा गाडीत. यवतेश्वरला जाऊन येऊ."

घाट चढताना आरशात काही नाही. चढावर जोर लागूनही धूर नाही, म्हणजे पिस्टनवरच्या रिंग, खालचं ऑइल वर येऊ न देणाऱ्या कड्या, बहुतेक शाबूत. उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवून पाय उचलला, वळणावळणानं खाली आलो आणि सपाटीला रेस दिली. भसकन निळा लोट! उतारावर इंजिन हवा ओढत राहतं, त्या ओढीनं झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवर ऑइल अडवणाऱ्या रबरातून, ऑइल आत उतरतं आणि रेस दिली की जळतं. जाड ऑइल त्या फटीतून उतरत नव्हतं, म्हणून विकताना धूर दिसला नाही. नेमक्या त्यासाठीच ते ओतलं होतं.

तरी खात्री हवी. गॅरेजला येऊन प्लग काढले, सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावला. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे. प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा फारसा हलला नाही. रिंग गेल्या असत्या तर त्या ऑइलनं फट बुजून तो उडी मारून वर गेला असता.

गुरुजी सगळं उभं राहून बघत होते. मग मी तार आल्याची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि शाळेत विचारतात तशा आवाजात म्हणाले, "हे तुम्हाला त्या दिवशीच दिसलं होतं?"

"हो."

मजुरी निम्मी घेतली. बारा सील काढली, रबर असं कडक झालेलं की नख रुतेना. गुरुजींनी ती मोजून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेतली, एजंटाच्या टेबलावर ठेवायला. तिथं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइलचा डबा स्वतःच घेऊन आले. ५डब्ल्यू-३०च. डब्यावरचा आकडा मला दोनदा वाचून दाखवला. फिल्टर मात्र विसरले होते.