मिग मशीनमध्ये आधी वायरची वाट समजून घ्या

जळगाव-धुळ्याकडे ट्रॉली, ग्रिल, शेडची कामं करणाऱ्या वर्कशॉपमध्ये मिगला, म्हणजे रिळावरची वायर आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणाऱ्या मशीनला, 'सीओटू मशीन' म्हणतात. नवशिक्या आधी करंटचं बटण फिरवतो, पण बिघाड बहुतेकदा वायरच्या वाटेत असतो.

०.८ मिमी वायर असेल तर वायर ढकलणाऱ्या रोलरची खाचही ०.८ चीच आणि कॉन्टॅक्ट टिपही (टॉर्चच्या टोकाची, वायरला करंट देणारी तांब्याची नळी) तीच. साध्या (आत पावडर नसलेल्या, भरीव) वायरला व्ही आकाराची खाच लागते. रोलरचा दाब कमी असेल तर वायर घसरते आणि आर्क (वायर आणि कामाच्या लोखंडामधली वितळवणारी ठिणगी) अडखळतो. दाब जास्त झाला तर वायर चपटी होते, तांब्याचा मुलामा खरवडून लायनरमध्ये (टॉर्चच्या केबलमधली वायरची नळी) भुकटी साचते आणि पुढे अडकलं की रोलरपाशी वायरचा गुंता होतो. म्हणून वायर न घसरता सरकेल एवढाच दाब ठेवा. टिपचं भोक लांबट झालं की ती बदला, घासत बसू नका.

साध्या वायरला टॉर्च प्लसला, अर्थ क्लॅम्प (कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) मायनसला. क्लॅम्पखालचा रंग आणि गंज घासून काढा. टिपबाहेर वायर १० ते १२ मिमी पुरे.

वेल्डला हवेपासून वाचवणारा गॅस मिनिटाला १० ते १५ लिटर. आपल्याकडे चैत्र-वैशाखात उघड्या शेडमधून गरम वारा सुटतो. तो गॅस उडवून नेतो आणि वेल्ड मधमाशीच्या पोळ्यासारखं सच्छिद्र होतं. गॅस वाढवत नेला तर प्रवाह खवळून उलट हवाच आत ओढली जाते. त्यापेक्षा वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावा आणि नोझलमधले (टॉर्चच्या तोंडाची, गॅस सोडणारी नळी) छर्रे, म्हणजे उडून चिकटलेले धातूचे थेंब, काढत राहा.