दादाच्या पोटाचा घेर कुणी मोजायचा?

माझ्या मोठ्या भावाला कॉलेज संपता संपता स्किझोफ्रेनिया झाला. आता तो पंचेचाळिशीला टेकलाय. भास, संशय, गोळ्या घेण्यावरून होणारी भांडणं, लोकांची बोलणी, यावर आम्ही शुभंकर मंडळी, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणारे घरचे लोक, एकमेकांशी पुष्कळ बोलतो. मला आज लिहायचंय ते दादाच्या शरीराबद्दल. साखर, रक्तदाब, आतडी, दात, पाय. गेल्या काही वर्षांत माझी सगळ्यात जास्त धावपळ याच गोष्टींसाठी झाली, आणि ती कशी करायची हे सांगणारं सुरुवातीला कुणीच भेटलं नाही.

आम्ही सांगलीत राहतो. आई, दादा आणि मी. वडिलांना मधुमेह होता. दादाला आधीच्या दोन-तीन औषधांनी पुरेसा फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केलं. या औषधाने त्याचं आयुष्य परत रुळावर आलं हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी गोळ्या बंद करू नयेत. कित्येक वर्षांनी तो पेपर वाचायला लागला, शेजारच्या पोरांना गणितं घालायला लागला, आईला बाजारात सोबत करायला लागला.

क्लोझापिनने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, पुढे महिन्याच्या महिन्याला, असं आम्हाला सांगितलं होतं. ते आम्ही काटेकोर पाळलं. रिपोर्टांची फाईल फुगत गेली आणि तिच्यासोबत दादाही. वर्षभरात त्याचं वजन 68 किलोवरून 91 वर गेलं. आईला आधी बरंच वाटलं. इतकी वर्षं खंगलेला मुलगा, आता त्याने अंग धरलं म्हणून ती देवापुढे साखर ठेवत होती. दर खेपेला दंडातून रक्त निघत होतं, त्यात पांढऱ्या पेशी मोजल्या जात होत्या, पण त्याच रक्तात साखर बघा असं लॅबच्या चिठ्ठीवर कुणी लिहिलं नाही. ओपीडीत वजनकाटा होता. तो कपाटाआड उभा करून ठेवलेला असायचा.

मग दादा रात्री उठून तांब्याच्या तांब्या पाणी प्यायला लागला. बाथरूमच्या खेपा सुरू झाल्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, फिजिशियनला दाखवा. फिजिशियनकडे गेलो तर त्यांनी केसपेपर चाळला, औषधांची नावं वाचली आणि म्हणाले, "हा सगळा त्या गोळ्यांचा परिणाम आहे. तुमच्या सायकियाट्रिस्टना सांगा, बदलून देतील." तपासणी टेबलावर दादाला झोपवलंसुद्धा नाही. परत मानसोपचाराच्या ओपीडीत, परत तोच सल्ला. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील, पण मधल्या रिकाम्या जागेत माझा भाऊ उभा होता.

ही कोंडी फुटली ती एका रात्री. जेवण झाल्यावर दादा पोट धरून वाकला. "पोटात दगड भरलेत," एवढंच म्हणत राहिला. आम्ही त्याला एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने फाईल उघडली, आजाराचं नाव वाचलं आणि दादाकडे न बघता मला विचारलं, "हे असं नेहमी बोलतात का? भास वाढलेत का?" झोपेचं इंजेक्शन लिहिलं. मी म्हटलं, इंजेक्शन नंतर द्या, आधी त्याच्या पोटाला हात लावून बघा. माझा आवाज चढला होता. तेवढ्यात ड्युटीवरच्या वयस्कर सिस्टर पुढे आल्या. त्या सरळ दादाशी बोलल्या. "भाऊ, संडासला कधी झालती?" दादाने बोटं मोजली. "गेल्या रविवारी." तो दिवस शनिवार होता. सिस्टरनी त्याच्या शर्टाची खालची दोन बटणं काढली, पोटावर हात फिरवला आणि डॉक्टरला म्हणाल्या, "सर, तुम्ही एकदा बघाच." एक्स-रेमध्ये आतडं मळाच्या खड्यांनी गच्च भरलेलं दिसलं. दादा दगड म्हणत होता तो भास नव्हता. त्याने दुखणं नेमकं सांगितलं होतं.

क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते. बद्धकोष्ठता इतकी वाढू शकते की आतडं अडतं आणि जिवावर बेततं. पांढऱ्या पेशींइतकंच लक्ष याकडे द्यायला हवं, हे मला त्या रात्री सर्जनकडून कळलं. एनिमा, सलाईन, दोन दिवस भरती. आणि भरती करताना केलेल्या तपासणीत साखर निघाली 287. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, 8.4.

भरती असतानाच मी वाचायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार क्षेत्रातल्या संघटनांनी मिळून 2004 सालीच लिहून ठेवलंय की या प्रकारची औषधं सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल बघा. वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला परत करा. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी पुन्हा बघा आणि पुढेही ठरावीक काळाने बघत राहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये गंभीर मनोविकार असलेल्यांच्या शारीरिक आजारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचनाच काढल्या. गंभीर मनोविकार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षं लवकर जातात, आणि त्यातले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या आजारांनी होतात. हे वाचून मी हादरले. वीस वर्षं मी दादाच्या मनाला जपत होते आणि धोका त्याच्या हृदयाला होता.

मार्ग निघाला तो एका साध्या कागदाने. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या, म्हणजे 'सा'च्या, स्वमदत गटात एक आई भेटल्या. त्यांनी मुलीसाठी एका पानाचं पत्र करून घेतलं होतं, ते मला दाखवलं. तसंच मी आमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून लिहून घेतलं. वर आजाराचं नाव, मग सध्याच्या गोळ्या आणि त्यांचे डोस. त्याखाली या गोळ्यांचे कोणते परिणाम बघायला हवेत: वजन, साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, पोट साफ होतं का, नाडी फार जोरात चालते का. शेवटी एक वाक्य: 'क्लोझापिन मला विचारल्याशिवाय अचानक बंद करू नये; शारीरिक आजारांवर नेहमीप्रमाणे पूर्ण उपचार करावेत.' खाली सही, शिक्का आणि फोन नंबर. डॉक्टरांनी ते आनंदाने दिलं. इतकी वर्षं कुणी मागितलं नव्हतं, म्हणाले.

नव्या फिजिशियन बाईंनी ते पत्र वाचलं आणि आमच्यासमोरच फोन लावला. दोन डॉक्टर दादाबद्दल एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. पाच मिनिटांत ठरलं: क्लोझापिन चालू ठेवायचं, साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू करायचं, पोटासाठी रोजचं पातळ औषध, आणि महिन्याच्या पेशींच्या रक्तातच दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी लावायचं. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे वेगळी सुई नाही, वेगळी खेप नाही. दादाला सुईचा नाही, पण लॅबमधल्या गर्दीचा त्रास होतो, म्हणून आमच्यासाठी ही फार मोठी सोय होती.

रक्तदाब मोजणं हेच मोठं काम होऊन बसलं. दंडावरचा पट्टा फुगून आवळायला लागला की दादा घाबरायचा. आजारपणाच्या सुरुवातीला त्याला वाटायचं की कुणीतरी यंत्राने त्याला ताब्यात घेतंय. ती भीती पट्ट्यासोबत परत यायची. फिजिशियनकडच्या मदतनीस मुलीने घाई केली नाही. तिने पट्टा आधी स्वतःच्या दंडाला बांधला आणि फुगा दादाच्या हातात दिला. "दादा, तुम्ही दाबा. मी सांगते कुठे थांबायचं." मग तिने पट्टा त्याच्या दंडाला बांधला आणि फुगा त्याच्याच हातात ठेवला. त्याने पट्टा सैल केला, परत फुगवला, परत सैल केला. खोलीबाहेर पेशंट खोळंबले होते, पण तिने मान वर करून दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशीचा आकडा घाबरल्यामुळे वाढीवच आला, पण पुढच्या वेळेपासून दादा स्वतः बाही वर सरकवायला लागला. आता घरी मशीन आणलंय. तो स्वतः मोजतो आणि कॅलेंडरवर लिहितो.

कमरेचा घेर मोजायला आईच्या शिवणाच्या पेटीतली टेप घेतली. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंटीमीटरच्या आणि बायकांसाठी 80 च्या वर घेर गेला की सावध व्हायचं. दादाचा 108 होता.

खाण्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायचीय. क्लोझापिन किंवा त्याच प्रकारचं ओलान्झापिन, यांची भूक ही हावरेपणाची भूक नाही. पोट भरल्याची जाणीवच या औषधांनी बोथट होते. रात्री दोन वाजता डब्यातलं भडंग संपवणाऱ्या माणसाला लाज वाटायला लावून काही साधत नाही. आम्ही भडंगाचे डबे घरात आणणंच थांबवलं. रात्रीसाठी काकडी, ताक, भाजलेले फुटाणे हाताशी ठेवले. दिवसाकाठी सहा-सात कप गोड चहा व्हायचा. तो कमी करायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण आईच्या हातचा चहा हे त्या दोघांचं बोलण्याचं निमित्त होतं. शेवटी आईनेच स्वतःची साखर सोडली, तेव्हा दादाने सोडली. ज्वारीची भाकरी आमच्याकडे होतीच, फक्त भात अर्धा केला.

चालणं सकाळी जमत नाही. क्लोझापिनची गुंगी नऊ-दहापर्यंत असते. 'पहाटे उठून फिरा' हा सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आम्ही संध्याकाळी निघतो. आधी आमराईत एकच फेरी, मग दोन, आता घरापासून गणपती मंदिर आणि पुढे कृष्णेच्या घाटापर्यंत. त्याच्या मनात आवाज जास्त असतील त्या दिवशी मी आग्रह करत नाही.

विडीचं मात्र नीट समजून घ्या, कारण ही गोष्ट फारच थोड्या घरांना माहीत असते. विडी-सिगारेटच्या धुराने यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. म्हणजे ओढणाऱ्या माणसाचा डोस त्या हिशोबाने बसलेला असतो. त्याने अचानक विडी सोडली की तोच डोस अंगात जास्त साठायला लागतो: गुंगी, लाळ, चक्कर, झटकेसुद्धा येऊ शकतात. ओलान्झापिनचंही थोडंफार असंच. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही, त्यामुळे निकोटिनचा च्युइंग गम घेऊनही विडी सुटली तरी डोस बघावाच लागतो. दादाने विडी सोडायचं ठरवलं तेव्हा आम्ही आधी डॉक्टरांना सांगितलं. विड्या कमी होत गेल्या तसा डोस टप्प्याटप्प्याने खाली आणला. रुग्णालयात भरती झाल्यावर विडी आपोआप बंद होते, तेव्हाही हे भरती करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

दातांकडे सगळ्यात शेवटी वळलो. झोपेत लाळ गळून उशी भिजते, दिवसा तोंड बेचव, आणि वाईट दिवसांत घासणं राहून गेलेलं. तीन दाढा काढाव्या लागल्या. आता सहा महिन्यांनी दाखवतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, तो 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 मध्ये स्पष्ट म्हटलंय की आरोग्यसेवेच्या बाबतीत मनोविकार असलेल्या व्यक्तीला शारीरिक आजार असलेल्या व्यक्तीच्या बरोबरीने वागवलं पाहिजे. त्याच कलमात विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांसारखाच मनोविकारांसाठीही विमा द्यावा असं आहे. या कलमाची छापील प्रत मी फाईलमध्ये ठेवते. एकदाच काढावी लागली, एका काउंटरवर 'असे पेशंट आम्ही घेत नाही' म्हणाले तेव्हा. घेतलं.

दादाची एचबीएवनसी आता 6.9 आहे. वजन 91 वरून 83 वर आलंय आणि तिथेच अडलंय; डॉक्टर म्हणतात, या औषधावर हेही चांगलं आहे. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. पुढच्या महिन्यात डोळ्यांचे पडदे तपासायचेत.

आम्ही जिथे औषधं घेतो त्या ओपीडीत आम्ही काही घरच्या लोकांनी मिळून लेखी अर्ज दिलाय: वजनकाटा कपाटाआडून बाहेर काढून दारापाशी ठेवा, एक टेप आणि बीपीचं मशीन द्या, आणि केसपेपरवर वजन, घेर, रक्तदाब, साखर असे चार रकाने छापा. काटा आणि टेप आली आहे. रकान्यांचं काम छपाईत अडकलंय म्हणतात. तोवर आम्ही पेनने आखून घेतो, आणि नर्स न विचारता भरते.