तिसऱ्या फोनला विचारलेला प्रश्न

२०२१ च्या मे महिन्यात, दुसरी लाट ओसरत असताना, कोविडमधून घरी सोडलेल्या पेशंटना फोन करायचं काम आमच्याकडे होतं. रोज सकाळी यादी यायची, चाळीसेक नावं. ताप, ऑक्सिजन, जेवण, झोप आणि फॉर्मच्या तळाला एक रकाना: ‘मनात नकारात्मक विचार येतात का?’ समोर हो, नाही.

त्या रकान्याला माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे. ‘नकारात्मक विचार’ असं आपल्याकडे घरात कुणी बोलत नाही. माणूस ‘नाही’ म्हणतो आणि सुटतो. शिवाय फोन स्पीकरवर, खोली एकच, शेजारी आई, भाऊ, पोरं. त्यांच्यादेखत कोण काय सांगणार?

त्या यादीतले एक गृहस्थ पंचेचाळिशीचे, शेती आणि जोडीला टेम्पो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नवरा-बायको एकाच आठवड्यात ॲडमिट झाले. हे घरी आले, त्या गेल्या. अंत्यविधीलाही यांना जाता आलं नाही. पहिल्या दोन फोनला उत्तरं सुटसुटीत: ताप नाही, जेवतो, बरंय. तिसऱ्या फोनला मी झोपेचं नीट खोदून विचारलं. आडवे कधी होता, डोळा कधी लागतो, जाग कधी येते. सहा रात्री मिळून झोप दहा-बारा तास. स्टेरॉइडची गोळी चालू होती आणि ती ते रात्री घेत होते. स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, काहींचं मन पार खचतं, म्हणून ती शक्यतो सकाळी घ्यायची. डिस्चार्ज कार्डावर वेळ लिहिलीच नव्हती. तेव्हा वॉर्डात काय ताण होता ते मी पाहिलंय, तरी एवढी एक ओळ हवी होती. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही त्याच दमात सांगावं लागतं.

मग ते म्हणाले, “ताई, रोग मीच घरात आणला.” मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी आत आलं, आणि ते गप्प झाले.

“दादा, शेजारी कोणी आहे ना? मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा.” आणि मग शब्द न फिरवता: “जीव द्यावा असं मनात येतं का?” हो. “आजही आलं?” हो. “कसं ते ठरवलंय?” थोडं थांबून, हो. “ते घरात आहे?” हो.

असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी भीती आमच्यातल्या जुन्या सहकाऱ्यांनाही वाटते. ती चुकीची आहे. विचारल्यावर माणूस मोकळा होतो. त्यांचा निःश्वास मला फोनवर ऐकू आला.

आता फोन ठेवायचा नव्हता. सहकाऱ्याने दुसऱ्या फोनवरून गावच्या आशाताईंना गाठलं. मी बोलत राहिले, आणि त्यांना विचारूनच धाकट्या भावाला लाइनवर घेतलं. ‘लक्ष ठेवा’ म्हणून काही होत नाही, कामं नेमून द्यावी लागतात. फवारणीची औषधं आणि जादा गोळ्या आत्ता, मी लाइनवर असतानाच, घराबाहेर हलवायच्या. किल्ली भावाकडे. रात्री एकाच खोलीत झोपायचं. ‘असं बोलू नकोस’ म्हणायचं नाही, ऐकून घ्यायचं. टोकाची ऊर्मी बऱ्याचदा काही तासांचीच असते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं की माणूस वाचू शकतो. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, फिजिशियनशी बोलून गोळी सकाळवर आणली.

भावाची पहिली काळजी पोलिसांची होती. मनातलं बोलणं हा गुन्हा नाहीच. आणि प्रयत्न केलेल्या माणसालाही, मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, तो तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं असतं आणि शिक्षा करायची नसते. कायदा २०१८ पासून लागू. तीन वर्षांनीही त्या घरात तो पोचला नव्हता. आज निदान १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास आहे, मराठीतही. तो २०२२ मध्ये आला.

पुढे सहा महिने फोन चालू ठेवले, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. टेम्पो पुन्हा सुरू झाला. शेवटच्या फोनला त्यांनी विचारलं, “ताई, पहिल्या दोन फोनला हे का नाही विचारलंत?”

फाइल काढून पाहिली. दोन्ही फॉर्मवर, तळच्या रकान्यात, ‘नाही’समोर माझ्याच हाताची खूण आहे.