खडकाचे वय म्हणजे नेमके कशाचे वय?

जुन्या खडकाचा तुकडा कोणाच्याही हाती दिला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा किती जुना? बरीच वर्षे हेच काम करत असूनही मला या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. ज्या खडकाने दोन-तीन अब्ज वर्षांत अनेकदा तापणे, दबणे आणि काही अंशी वितळणेही सोसले, त्याला एकच जन्मतारीख नसते. त्याच्यात प्रत्येक मोठ्या घटनेची वेगळी नोंद राहते आणि त्यांतली कोणती नोंद आपण वाचत आहोत, हे आपल्यालाच ठरवावे लागते. खनिजसमृद्ध प्रदेशांत तर खडक एका काळातला आणि त्यातले धातुक (ज्यातून धातू काढतात ते खनिज) दुसऱ्याच काळातले, असे सर्रास आढळते.

या नोंदी सर्वांत विश्वासाने जपून ठेवणारे खनिज म्हणजे झिरकॉन. शिलारसातून त्याचा स्फटिक तयार होताना युरेनियमचे थोडे अणू त्याच्या रचनेत सहज सामावतात, शिसे मात्र जवळजवळ शिरूच शकत नाही. त्यामुळे पुढे स्फटिकात सापडणारे बहुतेक शिसे युरेनियमच्या ऱ्हासातूनच, म्हणजे त्याचे अणू हळूहळू शिशात बदलल्यामुळेच, आलेले असते. युरेनियम-२३८ चा अर्धायुष्यकाल (निम्मे अणू बदलायला लागणारा काळ) सुमारे ४.४७ अब्ज वर्षे, तर युरेनियम-२३५ चा सुमारे ७०.४ कोटी वर्षे. एकाच कणात वेगवेगळ्या गतीने चालणारी अशी दोन घड्याळे मिळतात आणि दोन्ही एकच वेळ दाखवत असतील, तर त्या वयावर भरवसा ठेवता येतो. ती जुळली नाहीत, तर मधल्या काळात शिसे गळाले आहे किंवा एकाच मापनात दोन वेगळ्या वयांची सरमिसळ झाली आहे, अशी शंका घ्यावी लागते. नवशिक्याला असा न जुळणारा कण नकोसा वाटतो. मला तो बरेचदा अधिक बोलका वाटतो, कारण शिसे गळायला कारणीभूत झालेली घटना कधी घडली, याचा अंदाजही अशाच कणांवरून बांधता येतो.

प्रत्यक्ष काम कमालीचे किचकट आहे. खडक फोडून दळायचा, चाळायचा, धुवायचा, चुंबकाने आणि जड द्रवाने इतर खनिजे वेगळी करायची आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम दशांश मिलिमीटर लांबीचे कण सुईच्या टोकाने एकेक करून उचलायचे. ते राळेत बसवून निम्म्यापर्यंत घासले आणि इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली धरले, की प्रत्येक कणाचे अंतरंग उजळते : आत झिजून गोलसर झालेला जुना गाभा, त्याभोवती बारीक वलये आणि सगळ्यांत बाहेर एकसारख्या छटेची पातळ कडा. आयनांचा झोत वीस-तीस मायक्रॉनच्या ठिपक्यावर नेमका सोडता येतो, म्हणून गाभ्याचे आणि कडेचे वय वेगवेगळे मोजता येते. ठिपका चुकून दोघांच्या सीमेवर पडला, तर हाती येते ते कधीच न घडलेल्या घटनेचे वय. माझ्या सुरुवातीच्या एका नमुन्यात तीन कण बाकीच्यांपेक्षा फारच तरुण निघाले आणि मी आठवडाभर एका नव्या भूघटनेची स्वप्ने रंगवली. नंतर कळले, की दळणयंत्राच्या फटीत आधीच्या नमुन्याची भुकटी राहिली होती. तेव्हापासून यंत्र मी स्वतः ब्रशने साफ करतो, दोनदा.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्सच्या गोटाश्मातला (गोटे एकत्र जखडून बनलेल्या गाळाच्या खडकातला) सुमारे ४.४ अब्ज वर्षांचा झिरकॉन प्रसिद्ध आहे, पण तो गोटाश्म स्वतः सुमारे ३ अब्ज वर्षांपूर्वी साचलेला आहे. ज्या मूळ खडकात तो कण जन्मला, तो खडक अद्याप कोणाला सापडलेला नाही. भूकवचाचा इतिहास अशा सुट्या कणांवरून जुळवताना हाफ्नियम या धातूची मोठी मदत होते. झिरकॉनमध्ये हाफ्नियम भरपूर आणि ज्याच्या ऱ्हासातून हाफ्नियम बनते ते ल्युटेशियम नगण्य असल्यामुळे जन्मवेळचे हाफ्नियम समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण त्यात जवळजवळ गोठून राहते आणि ते प्रावरणाच्या (कवचाखालच्या जाड थराच्या) प्रमाणाशी ताडून पाहिले, की शिलारस थेट प्रावरणातून आला होता की जुनेच कवच पुन्हा वितळून बनला होता, हे सांगता येते. नुसत्या वयावरून कवच कधी ढवळले गेले एवढेच कळते. त्यात नवी भर पडली की नाही, ते हाफ्नियम सांगते.

लोह आणि सिलिका यांच्या आलटून-पालटून थरांनी बनलेल्या पट्टीदार लोहखडकांत झिरकॉन सहसा मिळतच नाही, म्हणून त्यांचे वय शेजाऱ्यांवरून काढावे लागते. पूर्व भारतातील सिंहभूमच्या दक्षिण भागात लोहखडकांच्या मालिकेतील डेसाइट या सिलिकायुक्त लाव्हाचे वय सुमारे ३.५१ अब्ज वर्षे आले आणि तिथले लोहखडक जगातील अतिप्राचीन लोहखडकांत गणले जाऊ लागले. पण हे वय मूळ थरांचे. त्यांतली सिलिका निघून जाऊन हेमॅटाइट हे समृद्ध लोहधातुक कधी बनले, हा प्रश्न वेगळा. ऑस्ट्रेलियातील हॅमर्स्ली भागात तो प्रश्न फार ठळकपणे पुढे आला. तिथले लोहथर सुमारे २.५ अब्ज वर्षांपूर्वीचे आणि त्यांतील समृद्ध धातुक सुमारे २.२ अब्ज वर्षांपूर्वीचे, असे मानले जात असे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शेजारच्या खनिजांवर विसंबण्याऐवजी थेट हेमॅटाइटमधील युरेनियम आणि शिसे मोजले गेले आणि धातुकाचे वय १.४ ते १.१ अब्ज वर्षे निघाले. म्हणजे थर साचल्यानंतर अब्जाहून अधिक वर्षांनी, जुनी महाखंडे तुटत-जुळत असतानाच्या उलथापालथीत हे धातुक तयार झाले. शोधकार्याच्या दृष्टीने हा फरक साधा नाही, कारण त्यामुळे कोणत्या काळातल्या भेगा तपासायच्या, हेच बदलते.

दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडमध्ये गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथल्या मुख्य सुवर्णधारी गाळथरांचे वय २.९ ते २.७ अब्ज वर्षांच्या घरातले, पण सोन्याच्या कणांवरच रेनियम-ऑस्मियम पद्धत (रेनियमच्या ऑस्मियममध्ये होणाऱ्या ऱ्हासावरची कालमापनाची पद्धत) लावल्यावर सुमारे ३.०३ अब्ज वर्षे हे वय आले. सोने थरांपेक्षा जुने असेल, तर ते नद्यांनी वाहून आणून तिथे साठवले, या मताला त्यातून बळ मिळते. नंतरच्या तप्त द्रवांनी सोने आणले असे मानणारे अभ्यासक मात्र तेवढ्यावर थांबलेले नाहीत आणि त्यांचे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही, कारण त्या सोन्याचा काही भाग तरी नंतर विरघळून जागचा हलला, याच्या खुणा त्याच थरांमध्ये दिसतात.