साडेतीन इंच

इंदूर, २८ जून

डब्यातल्या पावसाची बेरीज आज साडेतीन इंचांवर आली.

शेताच्या कोपऱ्यात, झाडांपासून लांब, सरळ बाजूंचा एक पत्र्याचा डबा ठेवलाय. पाऊस पडून गेला की त्यात पट्टी बुडवायची, आकडा वहीत लिहायचा, डबा रिकामा करायचा. चार इंच भरल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही, असं पहिल्या वर्षी माझी जमीन बटईने कसलेल्या पटेल बांनी बजावलंय. सकाळी सांवेरच्या अलीकडे बसमधून उतरले तर दोन-तीन शेतांत ट्रॅक्टर चालू. हात नुसते शिवशिवत होते. पट्टी पुन्हा एकदा बुडवून पाहिली, जणू तेवढ्यात वाढणार होतं!

गेल्या वर्षी थांबले नव्हते. जूनच्या मध्यावर एक दणदणीत सर आली, मातीचा वास सुटला, मी पेरून मोकळी. मग बारा दिवस आभाळ कोरडं ठण्ण. काळी माती वरून तडकली, अर्धवट फुगलेलं बी आतल्या आत मेलं. दुबार पेरणीसाठी घाईघाईने दुकानातून पोतं आणलं, त्यातलंही जेमतेम निम्मं उगवलं. यांनी एका शब्दाने काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

यंदाचं बी पटेल बांच्या घरचं. सोयाबीनचं बी घरी राखता येतं, दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही, हे मला एवढ्या उशिरा कळावं! मोजून शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडले, गुंडाळी करून बाल्कनीत सावलीला ठेवली, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. पाचव्या दिवशी पोह्यांची ताटली बाजूला सारून टेबलावरच गुंडाळी उलगडली. एक्क्याऐंशी मोड. सत्तरच्या वर असले की चालतं. अर्ध्या एकराला पंधरा किलो बी लागेल. ते पोतं मी तान्ह्या बाळासारखं उचलते, कारण सोयाबीनची साल पातळ, आपटलं की उगवण गेली.

अर्धाच एकर का, असं काल वन्संनी विचारलं. पैसे तेवढेच आहेत, म्हणून. रामबागेतल्या जुन्या घराच्या वाटणीत जे आलं, त्यात एक एकर घेतल्यावर हाती एक आरडी उरली. तेव्हा मी मोठी यादी केली होती: बोअर, ठिबक, तारेचं कुंपण, एक खोली. ती यादी अजून वहीच्या मागच्या पानावर आहे. पहिल्या वर्षी त्यातलं काहीच केलं नाही, जमीन बटईने पटेल बांनाच दिली आणि दर रविवारी जाऊन नुसती बघत बसले. बरं झालं. खोली जिथे बांधायची ठरवली होती, तिथे ऑगस्टमध्ये पोटरीएवढं पाणी साचलं.

तारेऐवजी करवंदं लावली. घोडारोज, म्हणजे नीलगाई, येतात रात्री, त्यांना अडवायला दाट काटेरी कुंपण हवं, आणि करवंद दाट व्हायला तीन-चार वर्षं घेणार. दोनशे रोपांतली एकशे चौतीस जगली. सध्या गुडघ्याला लागतात. घोडारोज त्यांच्यावरून आरामात उडी मारून येतात. हसू नये, पण हसू येतं.

आज पेरणी नाही म्हणून खताच्या ढिगाकडे गेले. १० मे रोजी रचला होता: गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार, त्यावर शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, चुलीतली राख, पुन्हा काड. पाणी पटेल बांच्या विहिरीचं. सोळाव्या दिवशी पहिली उलथापालथ, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, तीन महिन्यांत खत तयार. जगभर याला इंदूर पद्धत म्हणतात आणि मी इंदुरात जन्मून पन्नाशीला आले तेव्हा मला हे समजलं. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या संस्थेत होते, आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे तिथे. १९३१ साली त्यांनी या कामावर पुस्तक लिहिलं, सोबत यशवंत वाड. वाड! आपल्यातलंच आडनाव, आणि शाळेत कुणी सांगितलं नाही. कॉलेजवरून टेम्पोने हजारदा गेले असेन.

तिसरी उलथापालथ १० जुलैला आहे, तरी राहवलं नाही. कडेला हात घालून पाहिलं. वरून ओला, चिकट. कोपरापर्यंत आत गेल्यावर ऊब लागली. मूठभर बाहेर काढलं तर काड ओळखू येईना, तपकिरी, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. कच्चं आहे अजून. परत आत लोटून वरून काड सारखं केलं.

निघताना पटेल बांनी आभाळाकडे पाहून फक्त मान हलवली. हो की नाही, ते मला अजून वाचता येत नाही.

आता रात्रीचे अकरा. बाल्कनीच्या पत्र्यावर जोरात वाजतंय. पण इंदुरात पडतो म्हणजे तिकडे पडतो असं नाही, बऱ्याचदा उज्जैन रोडवर अरबिंदो हॉस्पिटलच्या पुढे रस्ता कोरडा असतो. पटेल बांना फोन करावासा वाटतोय. ते झोपले असतील. पहिली बस सहाला आहे.