तिरपा उजेड

फोटो रिटच करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. लोकांच्या गालांवर मी इतके तास काढलेत की कुणीही भेटलं तरी मला आधी त्वचेचा पोत दिसतो, माणूस नंतर. आमच्यात एक जुनी युक्ती आहे. फोटोचे दोन थर करायचे. एकात नुसते रंग आणि सावल्या, दुसऱ्यात पोत, म्हणजे रोमछिद्रं, लव, बारीक रेघा. नवशिका पोतच पुसून टाकतो आणि चेहरा मेणाचा होतो. हात बसलेला माणूस पोताला फारसा धक्का न लावता सावल्या हलक्या करतो.

गेल्या वर्षी नवीन दिवा तपासायला एक चेहरा हवा होता आणि स्टुडिओत मी एकटीच होते. बसले, फोटो काढला, स्क्रीनवर दुप्पट मोठा केला. गालाच्या हाडाखाली, कानाच्या दिशेने बारीक चुण्या. टिश्यू पेपर मुठीत धरून सोडला की पडतात तशा. हात सवयीने ब्रशकडे गेलासुद्धा.

महिनाभर स्वतःला नावं ठेवली आणि मग चुण्यांवरच्या इंजेक्शनबद्दल विचारायला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खोलीतला मोठा दिवा बंद केला आणि हातातली बॅटरी गालावर आडवी धरली. तिरपा उजेड, ज्यात बारीक खाचेचीही सावली पडते! बाईंना आपलं काम कळतं, हे मला तिथेच पटलं. म्हणाल्या, "तुमच्या गालावर तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चुण्या, मुरमांचे जुने खड्डे आणि रोमछिद्रं. या इंजेक्शनने चुण्या कमी होतील. खड्डे खालून व्रणाच्या धाग्यांनी ओढून धरलेत, त्यांना याचा उपयोग नाही." बाहेर काउंटरवरच्या मुलीने मात्र ओठांचंही करून घ्या म्हणून आग्रह धरला. माझ्या ओठांबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता.

औषध म्हणजे हायलुरॉनिक ॲसिड. नावात ॲसिड असलं तरी जाळणारं काही नाही, पाणी धरून ठेवणारा पदार्थ आहे. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी तो गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळा काढला आणि काचेसाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. लेन्समागे आयुष्य काढणाऱ्या बाईला हे आवडणारच. सत्तर किलोच्या माणसात तो साधारण १५ ग्रॅम असतो, त्यातला निम्मा त्वचेत, आणि रोज जवळजवळ एकतृतीयांश मोडून नवा तयार होतो. म्हणूनच नुसता टोचला तर फार टिकत नाही. त्याच्या साखळ्या एकमेकींत थोड्या गुंतवल्या की काही महिने टिकतो. फार गुंतवल्या की घट्ट जेल होतं, ते गाल भरायला वापरतात. माझं होतं ते पातळ. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०२३ च्या मे महिन्यात अशाच एका इंजेक्शनला, स्किनव्हाइव्हला, गालांच्या गुळगुळीतपणासाठी मान्यता दिली, तीही फक्त गालांपुरती.

प्रत्यक्ष दिवशी भुलीचं क्रीम चोपडून बसवून ठेवलं. मग पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके काढले, रांगोळीच्या कागदासारखे. सुई केसासारखी. टोचल्याचं कळत नव्हतं, पण औषध आत शिरताना प्रत्येक ठिपक्याशी एक चरचर व्हायची आणि मागे मसुरीएवढा फुगवटा राहायचा. आरशात पाहिलं तर गालावर डासांनी शिस्तीत रांग लावून चावे घेतलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक बसले होते.

डाव्या गालावर मात्र मोठा काळानिळा डाग उठला. दोष माझाच. "कुठली औषधं चालू आहेत?" असं त्यांनी विचारलं होतं आणि मी ठणकावून "काही नाही" म्हटलं होतं. आदल्या दोन दिवसांत पाठीसाठी घेतलेल्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्या मी औषधात धरल्याच नव्हत्या. त्या गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो. डाग आधी जांभळा, मग शेवाळी, मग पिवळा होत गेला. आठवडाभर मी त्याचे रंग बघत बसले, रोज नवी शेड.

एक गोष्ट मात्र मी आधीच विचारून घेतली होती. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर? क्वचित होतं, पण झालं तर कातडी मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. हे जेल विरघळवणारं हायलुरॉनिडेझ त्यांनी कपाटातून काढून दाखवलं. कातडी पांढरीफटक पडली, जाळीसारखे जांभळे चट्टे उठले, दुखणं वाढत गेलं किंवा डोळ्यांना नीट दिसेनासं झालं, तर मध्यरात्रीही फोन करा म्हणाल्या. तशी वेळ आली नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. स्टुडिओच्या जमिनीवर चिकटपट्टीने खुर्चीची आणि दिव्याची जागा आखून ठेवली होती. तोच दिवा, तीच उंची, तीच लेन्स, चेहऱ्याला काहीही न लावता. टोचायच्या आदल्या दिवशी एक फोटो, मग दर महिन्याला एक. दुसऱ्या महिन्यातला फोटो पहिल्याशेजारी ठेवला तेव्हा चुण्या खरोखर मऊ झालेल्या दिसल्या. गेल्या नव्हत्या, पण त्यांच्या सावल्या उथळ झाल्या होत्या. खड्डे जिथल्या तिथे. रोमछिद्रं मोजून तेवढीच. म्हणजे सुईनेही सावल्यांच्याच थरावर काम केलं होतं. समोरून सपाट उजेडात तर दोन्ही फोटो मलाही वेगळे ओळखता आले नाहीत.

जाहिरातींतले आधीचे-नंतरचे फोटो मी त्यानंतर जरा जास्तच निरखून बघते. नाकाची सावली बघायची. पहिल्या फोटोत ती गालावर लांब पडलेली आणि दुसऱ्यात गायब असेल, तर फरक दिव्याने केलाय. हे मी सुईशिवाय पाच मिनिटांत करून देईन.

क्लिनिकमधून मागच्या महिन्यात फोन आला. काउंटरवरचीच मुलगी. त्यांच्या पेजसाठी माझे फोटो मिळतील का? म्हटलं, हो, माझ्याकडे चांगले आहेत. एकाच दिव्यात काढलेले दोन पाठवले, काडीचंही रिटचिंग न करता. दोन दिवसांनी तिचा निरोप आला: "मॅडम, छान आहेत, पण यात फरक फारसा दिसत नाहीये हो. दुसरे आहेत का?"