मोकळ्या तारेचा खर्ज
१९५६ च्या उठावानंतर विसाव्या वर्षी हंगेरी सोडून अमेरिकेत गेलेला गिटारवादक गाबोर साबो बॉस्टनच्या बर्कली संगीतविद्यालयात शिकला आणि पुढे इम्पल्स कंपनीने त्याच्या तबकड्या काढल्या. त्यांपैकी १९६६ मध्ये मुद्रित झालेल्या ‘जॅझ रागा’त तर त्याने सतारही वाजवली आहे. काल इंदूरच्या घरी ती लावली, तेव्हा तंबोरा जुळवता जुळवता आई थांबली आणि म्हणाली, “अरे, हा खर्ज सोडतच नाही!” मोकळी तार घुमत ठेवून तिच्यावर सूर फिरवण्याची ही रीत गायक अमीर खाँसाहेबांच्या या गावात कोणालाच परकी वाटू नये. सतारीवरचा त्याचा हात मला कच्चा वाटतो. खरा साबो गिटारीतच भेटतो. त्याची ‘जिप्सी क्वीन’ ही धून १९७० मध्ये सान्ताना या रॉक बँडने आपल्या ‘अब्राक्सास’ या तबकडीत घेतली आणि ती जगभर पोचली, मूळ वादकाचे नाव मात्र मागे राहिले, याची मला मनापासून खंत वाटते.